टँकमध्ये पडणारं फळ फ्लॅशने पकडताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

ज्यूस सेंटरचा मेन्यू, घरगुती सरबताचं लेबल, फळविक्रेत्याची जाहिरात, अशा कामांसाठी पाण्यात पडणाऱ्या फळाचा फोटो हमखास मागितला जातो. ठाण्यात आणि नवी मुंबईत हे काम नव्याने शिकणारे जे फोटो मला दाखवायला आणतात, त्यातले बरेचसे एकाच जागी फसलेले असतात. टोमॅटोची कड दुहेरी दिसते, उडालेल्या थेंबांच्या जागी पांढऱ्या रेघा येतात. बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, "शटर अजून वाढवायला हवं होतं."

इथे शटरचा हात फार थोडा आहे. अंधाऱ्या खोलीत फ्लॅश जेवढा वेळ पेटतो तेवढाच वेळ सेन्सरपर्यंत चित्र पोचतं. ३० सेंटिमीटर उंचीवरून सोडलेलं फळ पाण्याला टेकतं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साधारण २.४ मीटर असतो. फ्लॅश १/२५० सेकंद पेटला तर तेवढ्यात फळ जवळजवळ १ सेंटिमीटर सरकतं. १/१००० ला अडीच मिलिमीटरच्या आसपास, आणि १/१०,००० ला जेमतेम पाव मिलिमीटर. म्हणून आपल्याला लखलखीत फ्लॅश नको, आखूड फ्लॅश हवा. खालचे सगळे टप्पे त्यासाठीच आहेत आणि क्रमानेच करायचे आहेत.

१. आधी पंख्यावर फ्लॅशची परीक्षा

टँक आणायच्या आधी हे करा. यात पाण्याचा थेंबही लागत नाही.

कॅमेऱ्याला लावायचे स्पीडलाइट आणि आयजीबीटी पद्धतीचे (इलेक्ट्रॉनिक स्विचने चमक मध्येच तोडणारे) स्टुडिओ फ्लॅश पॉवर कमी केली की लवकर विझतात, म्हणजे आखूड होतात. जुन्या किंवा स्वस्त स्टुडिओ हेडमध्ये बरेचदा उलटं असतं. पॉवर कमी करावी तसा तो लांबतो आणि फुल पॉवरला सगळ्यात आखूड असतो. हे न तपासता "१/१६ ठेव" असा कुणाचा तरी सल्ला घेतला की काम तिथेच बिघडतं. खोक्यावरच्या आकड्यावरही विसंबू नका. तो बहुधा टी ०.५ असतो, म्हणजे प्रकाश निम्म्यावर येईपर्यंतचा वेळ. मागे रेंगाळणारा मंद प्रकाश त्यात धरलेला नसतो, आणि फळाची कड नेमका तोच पुसट करतो. जुन्या पद्धतीच्या हेडमध्ये खरा कालावधी, म्हणजे टी ०.१, या आकड्याच्या साधारण तिप्पट निघतो.

घरातला छताचा पंखा नेहमीचा १२०० मिलिमीटरचा असेल तर पात्याचं टोक मध्यापासून ६० सेंटिमीटरवर असतं. मिनिटाला ३५० फेरे धरले तर टोकाचा वेग सेकंदाला २२ मीटर होतो. पंखा बंद असताना एका पात्याच्या टोकाला, खालच्या बाजूने, पात्याच्या लांबीच्या दिशेत इन्शुलेशन टेपची पट्टी घट्ट चिकटवा. पांढऱ्या पात्याला काळी, तपकिरी पात्याला पांढरी. पंखा पूर्ण वेगात लावा, खोलीत अंधार करा, कॅमेरा जमिनीवर ठेवून वर रोखा आणि फ्लॅशही वरच वळवा. मग फुल, १/४, १/१६, १/३२, १/६४ अशा प्रत्येक पॉवरला एकेक फोटो काढा. फोटो काळवंडला तर आयएसओ वाढवा, त्याने कालावधी बदलत नाही.

आता फोटो मोठा करून टेपची कड पाहा. टेपची रुंदी आपल्याला माहीत असते, तिच्या मापाने कडेचा धूसर पट्टा किती रुंद आहे ते मोजता येतं. २२ मिलिमीटर धूसर म्हणजे १/१००० सेकंद. २ मिलिमीटर म्हणजे १/११,०००. पंखा जुना असेल आणि थोडा हळू फिरत असेल तरी कुठल्या पॉवरला कड सगळ्यात धारदार आली ते कळतंच.

तपासा: २ ते ३ मिलिमीटरच्या आत धूसरपणा देणारी पॉवर सापडली का? ती कागदी टेपवर लिहून त्याच फ्लॅशला चिकटवा. प्रत्येक फ्लॅशची परीक्षा वेगळी, जोडीने घेतलेल्या दोन फ्लॅशचीही.

सावधान: हाय स्पीड सिंक बंद ठेवा. त्यात फ्लॅश एकदा चमकत नाही, लागोपाठ बारीक चमकत राहतो. शटरचा आकडा १/४००० दिसतो आणि मन सुखावतं, पण प्रकाश पार कमी होतो आणि हालचाल फ्लॅशने थांबण्याऐवजी पुन्हा शटरच्या भरवशावर राहते.

२. टँक आणि पाणी: आदल्या दिवशी

फिश टँकच्या दुकानात १८ इंच लांब, १२ इंच रुंद, १५ इंच उंच असा टँक बनवून मिळतो. पुढच्या काचेसाठी "एक्स्ट्रा क्लिअर" काच मागा. साध्या काचेची हिरवट झाक पांढऱ्या पार्श्वभूमीवर लगेच दिसते. लहान टँक स्वस्त पडतो, पण फळाबरोबर खाली जाणारे बुडबुडे बाजूच्या काचांना आपटतात आणि दोन्ही काचा फ्रेममध्ये येतात.

या टँकमध्ये १० इंच पाणी भरलं तर ते साधारण ३५ लिटर, म्हणजे काच सोडून ३५ किलो वजन झालं. घडीच्या टेबलावर हे ठेवू नका. भक्कम टेबल घ्या आणि टँकखाली थर्माकोलची शीट घाला. टेबल किंचित खडबडीत असेल तर काचेवर एका जागी ताण येऊन तळ तडकू शकतो.

नवा टँक आणला की आधी बाथरूममध्ये भरून रात्रभर ठेवा. ही पायरी मी एकदा गाळली होती. सिलिकॉनचा जोड एका कोपऱ्यात सुटलेला होता आणि पाणी हॉलमधून पॅसेजमध्ये गेलं तेव्हा मला कळलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आली. त्यांनी समजून घेतलं, पण तो डाग वर्षभर मला दिसत होता.

पाणी आदल्या रात्रीच भरून ठेवायचं, त्याचं कारण स्वच्छता एवढंच नाही. नळाच्या ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते. ते खोलीत स्थिरावताना काचेला आणि फळाला बारीक बुडबुडे चिकटतात, फ्लॅशखाली ते मिठाच्या खड्यांसारखे चमकतात. रात्रभर ठेवलं की हवा बरीचशी निघून जाते. सकाळी काचेवर उरलेले बुडबुडे जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने निपटून काढा.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं. ते बादल्यांमध्ये भरून तुरटी फिरवा, रात्रभर निवळू द्या आणि वरचं पाणी नळीने टँकमध्ये ओढून घ्या. तळाचा एक वीतभर भाग बादलीतच राहू द्या. तुरटी टँकमध्येच फिरवू नका. खाली बसलेला गाळ पहिल्या फळाबरोबर उसळून वर येतो.

फ्रीजचं पाणी किंवा बर्फ वापरू नका. आपल्याकडच्या दमट हवेत थंड काचेवर बाहेरून लगेच दव धरतं. लेन्सचंही तेच. एसीच्या खोलीतून कॅमेरा हॉलमध्ये आणला की काच धुरकट होते, म्हणून तासभर आधी बॅगेसकट बाहेर आणून ठेवा.

३. वीज: यात तडजोड नाही

बॅटरीवर चालणारे फ्लॅश असतील तर तेच वापरा. विजेवरचे स्टुडिओ हेड असतील तर ज्या सॉकेटवर लावणार ते ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीखाली (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते बघा आणि त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो याची खात्री करा. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर नको, खुर्चीवर ठेवा. वायर फ्लॅशपासून खाली झोल देऊन मग वर बोर्डाकडे न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोलातून खाली टपकेल, बोर्डात जाणार नाही. मॉडेलिंग बल्ब बंद करा. तापलेल्या बल्बवर शिंतोडा उडाला तर काच फुटते.

टँकच्या वर फ्लॅश टांगणार असाल तर स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी आणि फ्लॅशला वेगळी सुरक्षा दोरी हवीच. फ्लॅशच्या आत काही शे व्होल्टला भरलेला कपॅसिटर असतो. तो पाण्यात पडला तर सॉकेट बंद करूनही हात घालू नका. शक्य असेल तर वरचा दिवा टाळाच, पुढच्या टप्प्यातली मांडणी त्याच्याशिवाय चालते. फळ सोडणाऱ्याने ओल्या हाताने कशालाही हात लावायचा नाही.

४. दिव्यांची मांडणी: अंतरातून मिळणारा आखूडपणा

पॉवर कमी केली की उजेड कमी पडतो, मग लोक पुन्हा पॉवर वाढवतात आणि पहिल्या टप्प्याची मेहनत वाया जाते. यावर उपाय म्हणजे फ्लॅश जवळ आणणं. १ मीटरवरचा फ्लॅश ५० सेंटिमीटरवर आणला की उजेड चौपट होतो, म्हणजे १/८ वर चालणारं काम १/३२ वर होतं. पसरट सॉफ्टबॉक्स लांब लावून ठेवण्यापेक्षा छोटा फ्लॅश आणि टँकपासून वीतभर अंतरावर दुधी ॲक्रिलिकची शीट मला जास्त भरवशाची वाटते. फ्रेमवर ताणलेला बटर पेपरही चालतो, फक्त शिंतोड्याने तो सुरकुततो.

पहिला फ्लॅश मागे ठेवा. टँकच्या मागच्या काचेपासून साधारण ३० सेंटिमीटरवर ॲक्रिलिक, त्याच्या मागे फ्लॅश. फळाचा आकार, बुडबुड्यांच्या गडद कडा, पाण्याची रेघ, हे सगळं याच उजेडातून येतं. दुसरा फ्लॅश डाव्या किंवा उजव्या काचेतून, थोडा पुढे सरकवून लावा. फळाचा रंग त्यातून येतो. त्याच्या विरुद्ध बाजूच्या काचेशी पांढरा थर्माकोल उभा केला की सावली उघडते. तिसरा असेल तर दुसऱ्या बाजूने लावा. समोरून कधीच नको, पुढच्या काचेत तोच दिसेल.

इथली एक चूक मी स्वतः बरेच दिवस करत होतो, म्हणून सविस्तर सांगतो. दोन आखूड स्पीडलाइट बाजूंनी लावायचो आणि पार्श्वभूमीला मोठा स्टुडिओ हेड. मागच्या कापडाला कुठे हलायचंय, तिथे लांब फ्लॅश चालेल, असं मला वाटायचं. फोटोत टोमॅटोची साल अगदी धारदार यायची आणि तरी बाहेरची कड मऊ, धुरकट. फोकसला दोष देऊन लेन्स बदलली, तरी तेच. शेवटी बाजूचे फ्लॅश बंद करून एक फोटो काढला तेव्हा उलगडलं. उजळ पार्श्वभूमीपुढे फळाची बाह्यरेषा आखतो तो मागचाच दिवा. तो १/३०० सेकंद पेटत राहिला तर तेवढ्या वेळात फळ ८ मिलिमीटर सरकतं आणि ती सगळी सरक कडेवर उमटते. मागचा फ्लॅशही पंख्याच्या परीक्षेत पास झालेलाच हवा. सगळ्यात लांबणारा फ्लॅश जेवढा आखूड, तेवढाच तुमचा फोटो आखूड.

सावधान: सगळे फ्लॅश मॅन्युअलवर. टीटीएलमध्ये, म्हणजे फ्लॅशची पॉवर कॅमेऱ्यानेच ठरवायच्या पद्धतीत, आधी एक अंदाजाची चमक जाते आणि तिला भुलून स्लेव्हवर (दुसऱ्या फ्लॅशची चमक पाहून उडायच्या सेटिंगवर) ठेवलेला फ्लॅश आधीच उडून मोकळा होतो.

५. कॅमेरा आणि फोकस

सुरुवातीला शटर १/१६०, ॲपर्चर एफ ११, आयएसओ २०० ते ४००, रॉ फाइल. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको. कमी पॉवरला बरेच फ्लॅश निळसर झुकतात, म्हणून ग्रे कार्ड पाण्यात धरून एकदा मोजून घ्या. सायलेंट किंवा इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा, त्यात बहुतेक कॅमेऱ्यांचा फ्लॅश पेटतच नाही. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशनही बंद.

लेन्स ५० ते १०० मिलिमीटरची, टँकपासून ६०-७० सेंटिमीटर लांब. कॅमेरा काचेला अगदी काटकोनात हवा. तिरका धरला की काच आणि पाणी मिळून कडांना रंगीत किनार देतात आणि चित्र ओढल्यासारखं दिसतं. उंचीला लेन्स पाण्याच्या पातळीपेक्षा थोडी खाली ठेवा. मग पाण्याचा पृष्ठभाग खालून आरशासारखा दिसतो आणि बुडालेल्या फळाचं उलटं प्रतिबिंब त्यात मिळतं. लेन्स पातळीच्या वर गेली की हा आरसा जातो आणि पृष्ठभाग जाड पट्ट्यासारखा पसरतो.

फोकस पाणी भरल्यानंतरच करायचा. पाण्यातली वस्तू खऱ्या अंतरापेक्षा जवळ दिसते, काचेपासूनचं तिचं अंतर साधारण तीन चतुर्थांशच भासतं. म्हणून कोरड्या टँकमध्ये लावलेला फोकस पाणी भरल्यावर पुढे-मागे होतो. टँकच्या तोंडावर, मध्यावरून आडवी लाकडी पट्टी टाका आणि तिला स्टीलची फूटपट्टी चिकटवून पाण्यात लोंबकळत सोडा. पट्टीवरच्या आकड्यांवर झूम करून मॅन्युअल फोकस लावा, रिंगवर टेप मारा. मग फूटपट्टी काढा, पण लाकडी पट्टी कुठे होती त्याची खूण टँकच्या दोन्ही काठांवर मार्करने करा. फळ त्या रेषेतच पडलं पाहिजे.

पुढच्या काचेत कॅमेरा आणि तुम्ही दिसता. काळ्या चार्ट पेपरला लेन्सपुरतं भोक पाडून तो लेन्सवर चढवा आणि काळा टी-शर्ट घाला.

६. फळ सोडण्याआधी तीन रिकामे फोटो

हे टाळू नका, पाच मिनिटांत होतं.

पहिला: सगळे फ्लॅश बंद, सेटिंग तीच. फोटो पूर्ण काळा यायला हवा. थोडंही काही दिसलं तर पडदे ओढा, ट्यूब बंद करा. १/१६० मध्ये पडणारं फळ दीड सेंटिमीटर सरकतं, आणि खोलीतला उजेड त्याची भुताटकीसारखी सावली उमटवतो.

दुसरा: फक्त मागचा फ्लॅश. पार्श्वभूमी एकसारखी आहे का, टँकच्या काचेवर बोटांचे ठसे, पाण्याचे पांढरे डाग आहेत का ते बघा. डाग व्हिनेगरच्या फडक्याने जातात.

तिसरा: सगळे फ्लॅश चालू, आणि फळ दोऱ्याला बांधून पाण्यात स्थिर लोंबतं ठेवलेलं. उजेड आणि फोकस इथेच पक्का होतो. स्थिर फळ धारदार नसेल तर पडणारं कसं होणार?

७. फळांचा क्रम

एपीएमसीच्या घाऊक बाजारातून पेटी आणा नाहीतर ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून किलोभर, पण फळ एकेक निवडून घ्या. फ्लॅशमध्ये सालीवरचा प्रत्येक ओरखडा दिसतो. धुऊन, पूर्ण कोरडं करून ठेवा. कोरडी, मेणचट साल पाण्यात शिरताना जास्त हवा ओढते, ओली साल शांतपणे शिरते. हवा हवी की नको ते आधी ठरवा आणि त्याप्रमाणे पुसा किंवा भिजवा. चमक यावी म्हणून तेल लावू नका, पाण्यावर तवंग येऊन पृष्ठभागाचा आरसा मरतो.

आधी अख्खी ढोबळी मिरची आणि टोमॅटो, मग द्राक्षं, आणि कापलेलं काहीही सगळ्यात शेवटी. लिंबाच्या एका चकतीने पाणी दुधाळ होतं आणि ३५ लिटर पुन्हा भरावं लागतं. ढोबळी मिरची आतून पोकळ असल्याने बुडी मारून लगेच वर येते, द्राक्षं मात्र तळाला जातात. त्यामुळे द्राक्षांचा फोटो चुकला तर दुसरी संधी नाही, मिरची परत वर येतानाही एक चांगली फ्रेम देते.

८. सोडणं आणि दाबणं

सगळ्यात जास्त फोटो इथे वाया जातात. पाणी उडालेलं दिसलं की बोट दाबायचं, असं बहुतेक जण करतात. डोळ्याने पाहून बोट हलायला साधारण ०.२ सेकंद जातात, वर कॅमेऱ्याची स्वतःची थोडी दिरंगाई. तेवढ्यात फळ तळाजवळ पोचलेलं असतं आणि फ्रेममध्ये नुसता फेस उरतो.

आता हिशेब बघा. ३० सेंटिमीटरवरून पडायला फळाला साधारण ०.२५ सेकंद लागतात, म्हणजे तुमची दिरंगाई आणि त्याचं पडणं जवळपास बरोबरीचं. म्हणून पाण्याकडे बघूच नका. सोडणाऱ्याच्या बोटांकडे बघा आणि बोटं उघडली की दाबा. फ्लॅश फळ पाण्याला टेकताना उडेल.

फळ अजून खोल हवं असेल तर बोटाने उशीर करायचा प्रयत्न करू नका, तो दर वेळी वेगळा पडतो. उंची कमी करा. २० सेंटिमीटरवरून पडायला ०.२ सेकंद लागतात, म्हणजे फळाला पाण्याखाली वीसाव्या हिश्शाच्या सेकंदाएवढा जास्त वेळ मिळतो आणि ते काही सेंटिमीटर खाली दिसतं. फळ अजून हवेतच दिसत असेल तरीही उंची कमी करा. फार खोल गेलेलं दिसत असेल तर वाढवा. टँकशेजारी उभी पट्टी लावून उंचीच्या खुणा करून ठेवल्या की पाच-सहा प्रयत्नांत तुमची जागा सापडते.

माझ्याकडे फळ सोडायचं काम बहीण करते. ती अंगठा आणि तर्जनीत टोमॅटो देठाच्या बाजूने धरते, कोपर टँकशेजारच्या उभ्या पट्टीला टेकवते आणि दोन्ही बोटं एकदम उघडते. एक बोट आधी सुटलं की फळ गोल फिरत, तिरकं पडतं. सोडल्यावर हात बाजूच्या फ्लॅशसमोर येऊ द्यायचा नाही, नाहीतर त्याची सावली पडते.

सलग फोटोंचा मोह आवरा. कमी पॉवरला पहिल्या काही फ्रेममध्ये फ्लॅश साथ देतो, मग एखादी अर्धवट काळी येते आणि नेमकी तीच हवी असते. एक सोडणं, एक फोटो. लेझर किंवा इन्फ्रारेड ट्रिगर (फळ किरणाला आडवं गेलं की आपोआप फोटो घेणारं यंत्र) असेल तर काम जलद होतं, पण हाताने शंभर फोटो काढल्याशिवाय तो घेऊ नका. फळ कुठल्या क्षणी सुंदर दिसतं हे ट्रिगर सांगत नाही.

९. दोन फोटोंच्या मध्ये

फळ चहाच्या गाळणीने काढा. पुढच्या काचेवर बाहेरून उडालेले थेंब मायक्रोफायबरने पुसा, आतले बुडबुडे कार्डाने निपटा, लेन्सच्या फिल्टरवर नजर टाका. पाणी पूर्ण शांत होऊ द्या, साधारण मिनिटभर. हे मिनिट वाचवलं की रात्री संगणकावर एकेक ठिपका पुसत तास जातो.

१०. फोटो बघून चूक ओळखणं

फळ आणि थेंब दोन्ही एकाच दिशेने पुसट: फ्लॅश लांब आहे, पॉवर आणि अंतर बघा. आतली साल धारदार पण बाहेरची कड धुरकट: मागचा फ्लॅश. धारदार फळाच्या मागे फिकट ओढ: खोलीत उजेड आहे. सगळीकडे सारखाच मऊपणा, दिशा नाही: फोकस, किंवा फळ खुणेच्या रेषेत पडलेलं नाही. फ्रेमच्या एका कडेला काळी पट्टी: शटर तुमच्या कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडच्या (फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सगळ्यात जलद शटरच्या) वर गेलंय, १/१६० वर परत या.

काम संपलं की टँक उचलू नका. भरलेला टँक उचलताना जोड सुटतात. नळीने पाणी बादल्यांत काढा, झाडांना आणि फरशीला वापरा. टँक उलटा करून वाळवा आणि कॅमेरा, फ्लॅश, ट्रिगर रात्रभर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात ओलसर लेन्स बॅगेत तशीच राहिली तर तिला बुरशी धरते.